कनातीच्या मागचे मास्तर

वीसेक वर्षांपूर्वी एका जिल्हा दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी ‘पिंजरा’वर लेख लिहिला होता. मराठी पडद्यावरची अभिजात शोकांतिका, मूल्यांचा पराभव, नियतीचा खेळ वगैरे शब्दांची त्यात रेलचेल होती. त्याच लेखात दादा कोंडके यांना मी दोन ओळींत निकालात काढलं होतं. लेखाचं कात्रण फाईलमध्ये जपून ठेवलं आणि ओळखीच्या चार जणांना दाखवलंही.

पुढे खान्देशातल्या जुन्या तमाशा फडांची माहिती गोळा करत फिरत असताना गिरणाकाठच्या एका गावी एका वृद्ध बाईंकडे गेलो. त्यांचं सगळं आयुष्य बोर्डावर गेलेलं. वय झालेलं, पण आवाज खणखणीत. फडाचे मालक, सुपारीचे दर, बैलगाड्यांचे प्रवास असं सगळं विचारून झाल्यावर मी ‘पिंजरा’चा विषय काढला. तो त्यांनी तीनदा पाहिला होता. म्हणाल्या, “गाणी चांगली व्हती भाऊ. पण त्या सिनेमात बाईनं मास्तर नासवला. आमच्याकडं तर मास्तर स्वतःच्या पायानं कनातीच्या मागं यायचे. त्यांना बोलवायला कोणी गेलं नव्हतं.”

त्या हसत हसत बोलल्या. मी मात्र वहीत ते वाक्य लिहिलं आणि पुढचा प्रश्न विसरलो. घरी आल्यावर कात्रण काढून वाचलं. माझ्या सगळ्या लेखात चंद्रकला या पात्राविषयी ‘मोहिनी’ हा एकच शब्द होता. त्यानंतर मी सत्तरच्या दशकातले ते चित्रपट एकेक करून पुन्हा पाहिले. हा लेख म्हणजे त्या जुन्या लेखाची दुरुस्ती आहे, असंच वाचकांनी समजावं.

आधी आम्ही हे चित्रपट कसे पाहिले ते सांगायला हवं. माझा जन्म साठच्या दशकाच्या शेवटी भडगावचा. ‘सोंगाड्या’ आणि ‘पिंजरा’ मुंबई-पुण्यात गाजले तेव्हा मी रांगत होतो. पण तालुक्याच्या आणि खेड्याच्या पडद्यावर चित्रपट पाच-सात वर्षांनीसुद्धा नवाच असायचा. जत्रेत तंबूतला सिनेमा लागायचा. रिळांच्या पेट्या रेल्वेनं आणि पुढे एसटीच्या टपावरून यायच्या. मशीन एकच, त्यामुळे रीळ बदलताना अंधार आणि शिट्ट्या. मधे पडदा, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. खाली वाळू. घासून घासून झिजलेल्या प्रिंटवर पावसासारख्या रेघा पडायच्या, आणि लहानपणी मला खरंच वाटायचं की त्या गावात सारखा पाऊस पडतो.

त्याच जत्रेत, सिनेमाच्या तंबूपासून हाकेच्या अंतरावर, तमाशाची कनात असायची. आधी ढोलकी सुरू व्हायची, मग सिनेमाचा कर्णा. दोघं एकमेकांचा आवाज बुडवायला बघायचे. कर्णा जिंकायचा, कारण त्याला जनरेटर होता. तंबूत पडद्यावर लावणी आणि बाहेर कनातीत लावणी, असं ते शेजारपण होतं. ते विचित्र आहे हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही.

आता ‘सोंगाड्या’कडे येतो. 1971 चा हा चित्रपट. लेखन वसंत सबनीसांचं, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचं, निर्माते आणि नायक दादा कोंडके. मुंबईच्या गिरणगावातल्या कामगार कुटुंबात वाढलेला, सेवादलाच्या कलापथकात तयार झालेला, सबनीसांच्याच ‘विच्छा माझी पुरी करा’नं नाव कमावलेला आणि भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’त पडद्यावर आलेला हा माणूस. दादरच्या कोहिनूर थिएटरात देव आनंदच्या ‘तेरे मेरे सपने’साठी ‘सोंगाड्या’ला जागा नाकारली गेली आणि बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले, ही कथा इतक्यांदा सांगितली जाते की चित्रपटात काय आहे हे सांगायला कुणाला उसंतच राहत नाही.

चित्रपटात आहे तो नाम्या. भोळा, आईच्या शब्दाबाहेर न जाणारा. तो तमाशाच्या नादी लागतो, आई त्याला घराबाहेर काढते आणि तमाशातली कलावती त्याला आसरा देते. उषा चव्हाण यांनी ती कलावती केली आहे. पुन्हा पाहताना माझं लक्ष तिच्याकडेच राहिलं. ती कुणाला जाळ्यात ओढत नाही. उघड्यावर आलेल्या एका मुलाला ती काम देते, ताट देते आणि सोंगाड्या म्हणून उभं करते. आईची माया आणि फडाची माया यांत चित्रपट भांडण लावतो खरा, पण फडाला नरक म्हणत नाही. तमाशा हा तिथे एक धंदा आहे. त्यात राबणारी माणसं आहेत, त्यांना भूक लागते, त्यांची थट्टा चालते, त्यांच्यात भांडणं होतात.

वर्षभरानं, 1972 मध्ये, व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ आला. कथा अनंत माने यांची, संवाद शंकर पाटलांचे, गाणी जगदीश खेबुडकरांची, संगीत राम कदम यांचं. ‘सोंगाड्या’चं संगीतही राम कदमांचंच होतं, आणि निळू फुले दोन्हीकडे आहेत. म्हणजे ढोलकी तीच, माणसंही बरीचशी तीच, पण गोष्ट उलटी. गावचा आदर्श मास्तर तमाशाला गावाबाहेर हाकलतो. अपमान झालेली चंद्रकला त्याला तमाशाच्या बोर्डावर उभं करायचा विडा उचलते आणि तडीस नेते. मास्तरचे कपडे घातलेलं, ओळखू न येणारं प्रेत सापडतं. गावाला वाटतं मास्तर गेले. गाव त्यांचा पुतळा उभारतं. जिवंत मास्तर फडात पडेल ते काम करत राहतो आणि शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फाशीची शिक्षा स्वीकारतो, कारण आदर्श मोडता कामा नये. डॉ. श्रीराम लागू यांनी तो मास्तर असा केला आहे की आजही पाहताना घसा दाटतो. मी त्या अभिनयाविरुद्ध काही बोलत नाही.

बोलायचं आहे ते गोष्टीच्या रचनेविषयी. ‘पिंजरा’ची कल्पना ‘द ब्लू एंजल’ या 1930 च्या जर्मन चित्रपटावरून आली, हे सर्वांना ठाऊक आहे. जोसेफ फॉन स्टर्नबर्गचा तो चित्रपट हाइनरिश मान यांच्या 1905 च्या कादंबरीवर आधारलेला. ती कादंबरी शोकांतिका म्हणून लिहिलेलीच नव्हती. विद्यार्थ्यांना छळणारा, सत्तेची नशा चढलेला, आतून सडलेला एक शिक्षक आणि त्याला मान देणारं शहर यांच्यावर तो कोरडा होता. चित्रपटात तो शिक्षक बराच मवाळ झाला, पण त्या नाचगाण्याच्या अड्ड्यात तो जातो तो स्वतःच. पोरांना पकडायच्या निमित्तानं जातो आणि पुन्हा पुन्हा जातो. गायिका लोला त्याला बोलवायला आलेली नसते.

आपल्याकडे ती गोष्ट आली तेव्हा शिक्षकाचा सगळा मळ धुऊन टाकला गेला. मास्तर निष्कलंक झाला. आता निष्कलंक माणूस पडायचा तर धक्का बाहेरूनच यायला हवा. म्हणून बाईला सूड दिला, विडा दिला, डोळ्यांत जहर दिलं. जर्मन गोष्टीत प्रश्न शिक्षकाच्या पोटात होता, तो आपण उचलून बाईच्या पदरात टाकला. गिरणाकाठच्या त्या बाईंनी एका वाक्यात जे सांगितलं ते हेच. त्यांनी ना हाइनरिश मान वाचला होता ना ‘द ब्लू एंजल’ पाहिला होता.

प्रेक्षकांना हे खटकलं कसं नाही, याचं उत्तर मला आमच्याच जिल्ह्यात सापडतं. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. आमच्या घरांत गुरुजींचा फोटो देवांच्या फोटोंशेजारी असायचा. अत्र्यांचा ‘श्यामची आई’ 1953 मध्ये आला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक घेऊन गेला. तेव्हा ‘मास्तर’ या शब्दाला आमच्याकडे जो मान होता तो पाटलाला नव्हता आणि आमदाराला तर नव्हताच. अशा माणसाला पडद्यावर पडताना पाहणं आम्हाला सहन होण्यासारखं नव्हतं. दोष दुसऱ्या कुणाचा तरी हवा होता आणि तो हातासरशी मिळाला. ‘पिंजरा’ पाहून आल्यावर जत्रेत तमाशाच्या कनातीजवळून जाताना आम्ही पोरं तिथल्या बायकांना उद्देशून काय ओरडायचो, ते मी इथे लिहू शकत नाही. त्यातली एक राहुटीच्या तोंडाशी बसून पोराला जेवू घालत होती. तिनं मान वर केली नाही. हे दृश्य मला आता आठवतं. माझ्या जुन्या लेखात ते कुठेच नव्हतं.

समीक्षकांनी तर निवाडा पक्का केला होता: शांताराम म्हणजे कला, कोंडके म्हणजे चावटपणा. मीही तोच निवाडा उतरवून घेतला होता. पण तमाशातल्या बाईला माणूस म्हणून कोण वागवतं, एवढी एकच कसोटी लावली तर निकाल उलट लागतो.

याचा अर्थ कोंडके यांची पुढची सगळी कारकीर्द डोक्यावर घ्यावी असा नाही. ‘एकटा जीव सदाशिव’ (1972), ‘आंधळा मारतो डोळा’ (1973), ‘पांडू हवालदार’ (1975), ‘राम राम गंगाराम’ (1977), ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ (1978) असे रौप्यमहोत्सव होत गेले. सलग नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवांसाठी त्यांचं नाव गिनीज बुकात गेलं. पण ओळीनं पाहत गेलं की एक गोष्ट जाणवते. नाम्याला स्वतःच्या बोलण्यातला दुसरा अर्थ कळत नाही, तो प्रेक्षकाला कळतो, आणि गंमत त्या भोळेपणात आहे. पुढच्या नायकांना तो अर्थ चांगला कळतो. ते प्रेक्षकाकडे बघून डोळा मारतात आणि समोरची बाई फक्त शब्द झेलायला उभी राहते. ‘सोंगाड्या’तली कलावती निर्णय घेते. नंतरच्या नायिकांना निर्णय घ्यायला फारशी सवड दिलेली नाही. उषा चव्हाण त्याच होत्या, त्यांच्यातली ताकदही तीच. लिहिणाऱ्यांनी जागा कमी केली. सेन्सॉरशी झालेल्या झटापटींचे किस्से रंगवून सांगताना हे नुकसान कुणी मोजत नाही.

मास्तरची गोष्ट मात्र ‘पिंजरा’वर संपली नाही. दोन-तीन वर्षांतच रामदास फुटाणे निर्मित, विजय तेंडुलकर लिखित, डॉ. जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सामना’ आला. 1975 च्या बर्लिन महोत्सवातही तो गेला. त्यातही मास्तर आहे आणि तोही डॉ. लागूच. हा मास्तर मात्र सुरुवातीपासूनच ढासळलेला: एकेकाळचा गांधीवादी, आता दारुडा, वाट चुकून गावात आलेला. समोर निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील, साखर कारखान्यापासून शाळेपर्यंत सगळं ज्याच्या मुठीत आहे असा. दारुडा मास्तर एकच प्रश्न धरून बसतो, की मारुती कांबळेचं काय झालं. पतनाला इथे बाई लागत नाही. देशानंच मास्तरला निराश केलं आहे, आणि तरी प्रश्न विचारण्याइतका तो शिल्लक आहे. मला हा मास्तर जास्त खरा वाटतो. चाळीसगावचा बेलगंगा आणि फैजपूरचा मधुकर हे कारखाने आमच्याही जिल्ह्यात होते, त्यामुळे हिंदुराव कुणाला समजावून सांगावा लागला नाही. पण ‘सामना’ जत्रेच्या तंबूत आल्याचं मला आठवत नाही. तो मी खूप पुढे, दूरदर्शनवर पाहिला. ‘पिंजरा’ मात्र दर दोन-तीन वर्षांनी यायचा.

‘सामना’त एका छोट्या भूमिकेत स्मिता पाटील आहे. तिचे वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, म्हणजे ती आमच्या खान्देशची लेक. 1977 च्या ‘जैत रे जैत’मध्ये तिनं केलेली चिंधी नवऱ्याला सोडून स्वतःच्या पसंतीचा माणूस निवडते, आणि चित्रपट तिला त्याबद्दल दोषी ठरवत नाही. खान्देशानं मराठी पडद्याला एवढी मोठी अभिनेत्री दिली, पण त्या दशकात मी पाहिलेल्या एकाही मराठी चित्रपटात खान्देशातलं गाव नव्हतं. पडद्यावरचा खेडूत कोल्हापूर-साताऱ्याकडची बोली बोलायचा. तंबूत माझी माय एकदा शेजारणीला म्हणाली होती, “हाई गाव आपलं नही शे.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, तिनं फक्त ओळखलं होतं. अहिराणीत कुणी हसतंय किंवा रडतंय, असं आम्ही पडद्यावर पाहिलंच नाही. ग्रामीण चित्रपट म्हणजे आपला चित्रपट, असं मात्र आम्हीच सगळीकडे सांगत होतो. 1972 च्या दुष्काळात आमची माणसं खडी फोडायला गेली होती. त्या वर्षीच्या पडद्यावरच्या गावांत दुष्काळ नाही.

याला धंद्याचंही कारण आहे. चित्रपट वितरणाच्या नकाशावर भुसावळ हे मोठं ठाणं. सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचं कार्यालय तिथेच. पण त्या ठाण्याचं तोंड विदर्भ, मध्य प्रदेश आणि राजस्थानकडे. तिथे चालायचा तो हिंदी चित्रपट. मराठी निर्मात्याचा हिशेब मुंबई, पुणे, कोल्हापूरवर बसायचा. इकडे काय चालेल याचा विचार करायची त्याला गरजच नव्हती. 1975 पासून राज्य शासनानं मराठी चित्रपटांना करमणूक कर परत देण्याची योजना आणली. तीही तिकीटविक्रीवर बेतलेली, म्हणजे ज्याची विक्री जास्त त्याला परतावा जास्त. त्या योजनेनं मराठी चित्रपट जगला हे खरं. पण जे गाव आधीच पडद्यावर होतं तेच पुन्हा पुन्हा येत राहिलं, हेही खरं.

आता राहिला खरा तमाशा. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या सरकारनं तमाशावर बंदी आणली होती. ती उठली, पण आधी संहिता तपासून घ्यायची, ‘सुधारायचं’, अशा अटी लागल्या. म्हणजे ‘पिंजरा’तला मास्तर तमाशाला गावाबाहेर काढायच्या वीसहून अधिक वर्षं आधी सरकारनं तेच करून पाहिलं होतं. पुढे त्याच तमाशावर चित्रपटसृष्टी पोसली. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ 1959 मध्ये आला आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये 131 आठवडे चालला. पडद्यावरच्या लावण्या उषा मंगेशकर, सुलोचना चव्हाण अशा गायिकांच्या आवाजात ध्वनिमुद्रणगृहात तयार झाल्या आणि घराघरांत गेल्या. चित्रपटातली लावणी शिष्ट घरात रेडिओवर चालायची. तीच म्हणणाऱ्या फडातल्या बाईला त्या घराच्या ओट्यावर बसायची सोय नव्हती. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना 1957 आणि 1990 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आलं. तरीही त्यांची अखेरची वर्षं हलाखीत गेली आणि 2002 मध्ये त्या वारल्या. त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार शासनानं त्यांच्या पश्चात सुरू केला.

चित्रपटानं तमाशा मारला, असं सोपं विधान मी करणार नाही. जत्रेत दोन्ही तंबू भरलेले मी पाहिले आहेत, आणि सिनेमा सुटल्यावर तीच गर्दी कनातीत शिरायची. पण पडद्यावरची बाई आणि कनातीतली बाई यांत जो फरक आमच्या मनात बसला, त्यात ‘पिंजरा’चा वाटा आहे. मास्तरच्या पुतळ्याला आम्ही हात जोडून घरी आलो.

गेल्या वर्षी पुन्हा त्या बाईंकडे गेलो. आता दिसायला कमी झालं आहे, म्हणून नातवाच्या मोबाईलवर ‘सोंगाड्या’ लावून कानाशी धरला. जुने आवाज ओळखत, ढोलकीला मान हलवत त्या ऐकत होत्या. नाम्याला घराबाहेर काढल्यावर कलावती त्याला ठेवून घेते, त्या ठिकाणी त्यांनी हातानं थांबवायला सांगितलं.

“असे दोन-तीन आमच्याकडं येऊन राहिले व्हते,” त्या म्हणाल्या. “घरच्यांनी काढलेले. एक तर शिकलेला व्हता. वग लिहायचा, पोरांना अक्षरं शिकवायचा. चार वर्सं राहिला.”

मी नाव विचारलं, वही उघडली.

“नाव नको लिहू भाऊ,” त्या म्हणाल्या. “त्याची पोरं आता तालुक्यात मोठी माणसं आहेत.”